आभासी यंत्रातील जुन्या परिचालन प्रणालींची मंदगती

एका संगणकात योग्य त्या कार्यक्रमाच्या साहाय्याने दुसऱ्या, स्वतंत्र भासणाऱ्या संगणकाची रचना केली असता तिला आभासी यंत्र असे म्हणतात. प्रत्यक्ष संगणकाला यजमान आणि आभासी यंत्रात चालणाऱ्या परिचालन प्रणालीला अतिथी अशी नावे आहेत. या दोहोंमधील व्यवहार हायपरवायझर या नावाने ओळखला जाणारा पर्यवेक्षक कार्यक्रम पाहतो. एमएस-डॉस, विंडोज ९५, विंडोज ९८, विंडोज एक्सपी किंवा लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या अशा यंत्रात चालविल्या असता पुष्कळदा त्या अपेक्षेपेक्षा फार मंद चालतात. ज्या प्रणालीला काही मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचा प्रक्रियक एके काळी पुरत होता, तीच प्रणाली त्याहून शेकडो पट वेगवान प्रक्रियकावर अडखळावी हे वरकरणी विसंगत वाटते. तथापि मंदगतीचे कारण प्रक्रियकाच्या दुर्बलतेत क्वचितच असते. ते जुन्या प्रणालीने यंत्रसामग्रीविषयी गृहीत धरलेल्या गोष्टींत असते. प्रत्यक्ष यंत्रात ज्या क्रिया जवळजवळ विनामूल्य होत्या त्यांतील काही आभासी यंत्रात अत्यंत महाग पडतात. कोणती क्रिया महाग पडत आहे, हे शोधून काढणे म्हणजेच या दोषाचे निदान होय.

महत्त्व : जुन्या प्रणाली केवळ हौसेखातर चालविल्या जात नाहीत. कारखान्यांतील नियंत्रणयंत्रे, प्रयोगशाळांतील मापनसाधने, हिशेबाच्या जुन्या पद्धती आणि अभिलेख यांचे कार्यक्रम पुष्कळदा एका विशिष्ट प्रणालीशीच जखडलेले असतात. मराठीच्या दृष्टीनेही हा प्रश्न दूरचा नाही. युनिकोड संकेतन सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी पुस्तके, नियतकालिके व कार्यालयीन कागदपत्रे यांची जुळणी टंकानुसार बदलणाऱ्या निरनिराळ्या संकेतनांत होत असे. अशा धारिका मूळ स्वरूपात उघडावयाच्या तर त्या काळचा पृष्ठरचना कार्यक्रम, त्याचे टंक आणि त्यांना पेलणारी विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपी ही प्रणाली लागते. मूळ संगणक नादुरुस्त झाल्यावर आभासी यंत्र हाच व्यवहार्य मार्ग उरतो. निदान चुकले तर चालू शकणारी व्यवस्था निरुपयोगी म्हणून टाकून दिली जाते आणि तिच्यातील मजकूरही तिच्याबरोबर हरपतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आभासी यंत्राची कल्पना वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज येथील विज्ञान केंद्रात तयार झालेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ च्या आरंभी कार्यान्वित झाली. तिच्यानंतर सीपी-६७ आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या प्रणाली आल्या. अतिथी प्रणाली मंद चालण्याची तक्रार तेव्हापासूनची आहे. स्मृतीतील पृष्ठे डिस्कवर हलविण्याचे काम अतिथी आणि पर्यवेक्षक दोघेही करू लागले की तेच काम दोनदा होते, हे त्या काळीच ध्यानात आले होते. त्यावर उपाय म्हणून ओएस/व्हीएस१ या प्रणालीला आपण आभासी यंत्रात आहोत याची जाणीव ठेवून पर्यवेक्षकाशी सहकार्य करण्याची सोय देण्यात आली. १९७४ मध्ये जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादी यंत्ररचना आभासीकरणास योग्य केव्हा ठरते याचे औपचारिक निकष मांडले.

वैयक्तिक संगणकांतील एक्स८६ यंत्ररचना या निकषांना उतरत नव्हती. तिच्यातील काही संवेदनशील आज्ञा पर्यवेक्षकाच्या नकळत पार पडत. १९९९ मध्ये बाजारात आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशन या कार्यक्रमाने अशा आज्ञांचे चालू स्थितीत द्विमान भाषांतर करून ही अडचण दूर केली. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रक्रियकातच आभासीकरणाची सोय केली. तरीही या सोयीची पहिली पिढी द्विमान भाषांतरापेक्षा नेहमीच वेगवान ठरत नाही, असे किथ ॲडम्स व ओले अगेसन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. यंत्रसामग्रीचे साहाय्य लाभले म्हणजे गती आपोआप येते हा समज तेव्हाही खरा नव्हता आणि जुन्या प्रणालींच्या बाबतीत आजही नाही.

मंदगतीचे मूळ तत्त्व : अतिथी प्रणाली साध्या आज्ञा, उदा., बेरीज, तुलना, स्मृतीतील वाचन, प्रक्रियकावर थेट पार पाडते आणि त्या प्रत्यक्ष यंत्राइतक्याच वेगाने होतात. मात्र एखाद्या उपकरणाशी संबंध आला की प्रक्रियक अतिथीला थांबवून नियंत्रण पर्यवेक्षकाकडे देतो. या घटनेला निर्गमन म्हणतात. पर्यवेक्षक त्या उपकरणाचे अनुकरण करतो आणि मग अतिथी पुन्हा सुरू होतो. या जाण्यायेण्यास सुरुवातीच्या प्रक्रियकांत काही हजार स्पंद लागत. नंतरच्या पिढ्यांत हा खर्च पुष्कळ घटला. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या मेल्टडाउन व स्पेक्टर या दोषांवरील उपायांमुळे काही प्रक्रियकांत तो पुन्हा वाढला.

उदाहरणादाखल एका निर्गमनास २,००० स्पंद लागतात असे धरू. ३ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या प्रक्रियकात सेकंदाला ३०० कोटी स्पंद होतात. सेकंदाला १५,००० निर्गमने झाली तर ३ कोटी स्पंद, म्हणजे केवळ १ टक्का शक्ती खर्च होईल. हीच संख्या ७,५०,००० झाली तर निम्मी शक्ती जाण्यायेण्यातच संपेल, आणि अनुकरणाचा खर्च त्याहून वेगळा. नव्या प्रणाली आभासी यंत्रात चालण्याच्या दृष्टीने रचलेल्या असल्याने निर्गमने टाळतात. जुन्या प्रणालींच्या कर्त्यांपुढे हा प्रश्नच नव्हता.

प्रमुख कारणे : (१) रिकामा वेळ घालविण्याची पद्धत : काम नसताना प्रक्रियकाला थांबविणारी आज्ञा १९७८ च्या ८०८६ या प्रक्रियकापासून उपलब्ध आहे, परंतु एमएस-डॉस आणि विंडोज ९५ या प्रणाली सामान्यतः तिचा उपयोग करीत नाहीत. कळ दाबली गेली का, हे त्या अखंड विचारीत राहतात. प्रत्यक्ष यंत्रात याने काही बिघडत नसे, कारण प्रक्रियकाला दुसरे काम नव्हते. आभासी यंत्रात मात्र अतिथी स्वस्थ असूनही यजमानाचा एक गाभा पूर्णपणे गुंतून पडतो. यजमान तापतो, कंप्रता उतरवतो आणि शेजारची आभासी यंत्रेही मंदावतात. रिकाम्या वेळी प्रक्रियक थांबविणारा छोटा साहाय्यक कार्यक्रम अतिथीत बसविणे हा यावरील सोपा उपाय होय.

(२) कालमापकाचे ठोके : एमएस-डॉस सेकंदाला सु. १८.२ ठोक्यांवर चालते. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत सामान्य संगणकावर हे प्रमाण सेकंदाला १०० होते. डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीत ते १,००० झाले. म्हणजे काहीही काम नसलेली दहा यंत्रे एकत्र चालविली तर यजमानाला सेकंदाला दहा हजार ठोके पुरवावे लागतात. २००५ मध्ये मूळ प्रमाण २५० वर आणले गेले आणि २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीपासून रिकाम्या वेळी ठोके थांबविण्याची सोय झाली. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५ मध्ये ठोक्यांना १० ने भागण्याचा पर्याय पुढे देण्यात आला. यजमान दुसऱ्या कामात असताना चुकलेले ठोके पर्यवेक्षक मागाहून घाईने पोहोचवितो. त्या वेळी अतिथीचा बराच काळ ते मोजण्यातच जातो. अतिथीचे घड्याळ भिंतीवरील घड्याळाच्या मागे पडणे हे या दोषाचे ठळक लक्षण होय.

(३) व्यत्ययांचे अग्रक्रम : विंडोज एक्सपी व विंडोज २००० यांच्या ३२ बिटी आवृत्त्या एपिक या व्यत्यय-नियंत्रकाचा उपयोग करीत असल्या, तर कोणते व्यत्यय तूर्त स्वीकारावयाचे हे त्या नियंत्रकातील अग्रक्रम-रजिस्टरात वारंवार लिहितात. प्रत्यक्ष यंत्रात हे लेखन क्षणार्धात होते. आभासी यंत्रात प्रत्येक लेखन हे एक निर्गमन ठरू शकते. इंटेलच्या नंतरच्या प्रक्रियकांत यासाठी खास सोय करण्यात आली, तर काही पर्यवेक्षक अतिथीच्या आज्ञांतच दुरुस्ती करून हा खर्च टाळतात. जेथे असे साहाय्य नाही तेथे एकच प्रक्रियक देऊन आणि हा नियंत्रक बंद ठेवून प्रणाली नव्याने बसविणे श्रेयस्कर असते. बसविलेल्या प्रणालीत हा बदल मागाहून केल्यास ती सुरूच न होण्याचा धोका असतो.

(४) डिस्कची जुनी पद्धत : विंडोज ९८ मध्ये डिस्कसाठी थेट स्मृतिप्रवेशाची पद्धत पुष्कळदा बंद असते आणि ती हाताने सुरू करावी लागते. विंडोज एक्सपी ती पद्धत आरंभी वापरते. परंतु सहाहून अधिक त्रुटी साचल्यावर पायरीपायरीने खाली उतरत अखेर प्रक्रियकामार्फत एकेक शब्द वाचण्याच्या पद्धतीवर येते. आभासी यंत्रात यजमान क्षणभर अडकला तरी अशा त्रुटींची नोंद होऊ शकते. ५१२ बाइटांच्या एका खंडासाठी १६ बिटी शब्दांची २५६ वाचने लागतात. १ मेगाबाइटसाठी ती ५,२४,२८८ होतात. पर्यवेक्षकाने ती एकत्र हाताळली नाहीत, तर वरील हिशेबाने १ मेगाबाइट वाचण्यास सेकंदाचा सु. एक तृतीयांश भाग लागेल. एक्सपीमध्ये उपकरणसूचीतून संबंधित वाहिनी काढून टाकून प्रणाली पुन्हा सुरू केली असता ती नव्याने ओळखली जाते व मूळ गती परत येते.

आणखी एक दोष विभागणीचा आहे. विंडोज एक्सपी व तिच्या पूर्वीच्या प्रणाली डिस्कचा पहिला विभाग ६३ व्या खंडापासून, म्हणजे ३२,२५६ व्या बाइटापासून सुरू करतात. ही संख्या ४,०९६ ने निःशेष भागली जात नाही. यजमानाची डिस्क ४,०९६ बाइटांच्या खंडांत काम करीत असेल तर अतिथीचे एक लेखन दोन खंडांवर पसरते आणि प्रत्येक वेळी जुना मजकूर वाचून, बदलून पुन्हा लिहावा लागतो. विंडोज व्हिस्टापासून पहिला विभाग १ मेबिबाइटच्या सीमेवर सुरू होत असल्याने ही अडचण तेथे येत नाही.

(५) चित्रपट्ट : योग्य ड्रायव्हर नसल्यास जुनी प्रणाली १६ रंगांच्या व्हीजीए पद्धतीवर येते. या पद्धतीत चित्रस्मृती पातळ्यांत विभागलेली असल्याने तिच्यातील लेखनाचे अनुकरण करावे लागते. खिडकी सरकविताना ती पायरीपायरीने रंगताना दिसणे आणि त्याच वेळी गणिती काम मात्र सुरळीत चालणे, हे याचे लक्षण होय. पर्यवेक्षकासोबत येणारा किंवा त्याच्या आभासी चित्रपत्रास अनुरूप असा ड्रायव्हर बसविल्यास फरक तत्काळ जाणवतो.

(६) यजमानाकडील कारणे : पृष्ठ कोष्टकांसाठी यंत्रसामग्रीचे साहाय्य एएमडीच्या प्रक्रियकांत २००७ पासून आणि इंटेलच्या प्रक्रियकांत २००८ पासून मिळू लागले. ते नसल्यास अतिथीने कोष्टकात केलेल्या बदलांवर पर्यवेक्षकाला सतत लक्ष ठेवावे लागते. इंटेलच्या सुरुवातीच्या सोयीत १६ बिटी रिअल मोडमधील आज्ञा थेट चालत नसत. ही उणीव २०१० च्या सुमारास भरून निघाली. प्रक्रियकातील आभासीकरणाची सोय मूळ व्यवस्थेतच बंद असेल, तर काही पर्यवेक्षक संपूर्ण अनुकरणावर येतात व गती कित्येक पटींनी घटते. विंडोज १० व ११ मध्ये काही सुरक्षा सुविधा चालू असल्यास ही सोय यजमान प्रणाली स्वतःकडेच ठेवते. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्स दुय्यम मार्गाने चालते आणि खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचे चिन्ह दाखविते. हे चिन्ह दिसल्यास अतिथीत दोष शोधत बसणे व्यर्थ होय.

निदानाची पद्धत : प्रथम ‘मंद’ या शब्दाला माप द्यावे लागते. प्रणाली सुरू होणे, ठरावीक धारिकेची प्रत काढणे, ठरावीक गणित करणे अशी दोन-तीन कामे निवडून प्रत्येकास लागणारा वेळ तीनदा मोजावा. ही मोजणी बाहेरच्या घड्याळाने करणे आवश्यक आहे. अतिथीला मिळणारा काळ पर्यवेक्षकाने दिलेला असतो. स्वतः थांबविला गेल्याचे अतिथीला कळत नाही. म्हणून त्याच्या आतील घड्याळाने किंवा कार्यमापकाने दिलेल्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

त्यानंतर त्याच यजमानावर एखादी अलीकडील प्रणाली चालवून पाहावी. तीही मंद असेल तर दोष यजमानाचा. ती वेगवान असेल तर दोष जुन्या प्रणालीच्या आणि आभासी उपकरणांच्या संबंधात आहे, असे मानावे.

तिसऱ्या टप्प्यात अतिथी आणि यजमान यांची व्यग्रता एकाच वेळी पाहावी. चार स्थिती संभवतात. अतिथी रिकामा पण यजमानाचा गाभा पूर्ण व्यग्र असेल, तर रिकाम्या वेळेच्या पद्धतीचा किंवा ठोक्यांचा दोष संभवतो. दोघेही व्यग्र असतील आणि काम मात्र थोडे होत असेल, तर निर्गमनांचा अतिरेक झालेला असतो. दोघेही रिकामे असूनही काम रेंगाळत असेल, तर डिस्क किंवा संदेशवहन जाळे यांची वाट पाहिली जात आहे. अतिथी व्यग्र आणि यजमान रिकामा दिसत असेल, तर पर्यवेक्षकाने प्रक्रियकाच्या वाट्यावर मर्यादा घातली आहे का, किंवा यजमानाच्या अनेक गाभ्यांपैकी एकच वापरला जात असल्याने सरासरी आकडा कमी दिसतो का, हे तपासावे. यजमानाची स्मृती अपुरी असल्यास या स्थितींची सरमिसळ होते. म्हणून ती बाब आधीच पडताळून घ्यावी.

दुसऱ्या स्थितीत निर्गमनांची कारणवार मोजणी हा निर्णायक पुरावा असतो. लिनक्समधील केव्हीएम या पर्यवेक्षकासोबत अशी मोजणी करणारी साधने मिळतात. पोर्टवरील वाचने अधिक असल्यास डिस्क, अग्रक्रम-रजिस्टरातील लेखने अधिक असल्यास व्यत्यय-नियंत्रक, चित्रस्मृतीतील लेखने अधिक असल्यास ड्रायव्हर असा अर्थ निघतो. यानंतरच बदल करावयाचा आणि एका वेळी एकच करावयाचा. प्रत्येक बदलापूर्वी डिस्क-धारिकेची संपूर्ण प्रत काढून ठेवावी. जुना कार्यक्रम बसविण्याची मूळ साधने पुष्कळदा उपलब्ध नसतात आणि अशा वेळी ही प्रत हाच एकमेव आधार असतो.

चुकीचे उपाय : प्रक्रियकांची संख्या वाढविणे हा सर्वांत रूढ व बहुधा निष्फळ उपाय आहे. विंडोज ९५ व ९८ एकाहून अधिक प्रक्रियक वापरू शकत नाहीत. विंडोज एक्सपीची होम आवृत्ती प्रक्रियकाची एकच खोबण मानते. त्यामुळे दुसरा प्रक्रियक वेगळ्या खोबणीत असल्याचे भासविल्यास तो तसाच पडून राहतो. जेथे अनेक प्रक्रियक वापरले जातात तेथेही, एका प्रक्रियकाने कुलूप धरून ठेवले असताना पर्यवेक्षकाने त्यालाच थांबविले, तर दुसरा नुसता वाट पाहत फिरत राहतो. स्मृतीचेही तसेच आहे. विंडोज ९८ ला ५१२ मेगाबाइटांहून अधिक स्मृती दिली असता ती सुधारण्याऐवजी स्मृती अपुरी असल्याची तक्रार करू लागते. यजमानाच्या कुवतीपलीकडे स्मृती वाटली तर पृष्ठे दोनदा डिस्कवर जाऊ लागतात. हा दोष १९७० च्या दशकात दिसला तोच होय. वापरात साचलेल्या स्नॅपशॉटांची लांबलचक साखळी आणि डिस्क-धारिका सतत तपासणारा यजमानावरील विषाणुरोधक कार्यक्रम यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

मर्यादा : सर्वच मंदगती दूर करता येत नाही, आणि कित्येकदा दोष नेमका उलटा असतो. विलंब मोजण्यासाठी आज्ञांची आवर्तने मोजणारे काही कार्यक्रम वेगवान प्रक्रियकावर शून्याने भागाकार होऊन बंद पडतात; सु. ३५० मेगाहर्ट्‌झ व त्यापुढील काही प्रक्रियकांवर विंडोज ९५ याच कारणाने सुरू होत नसे. अशा प्रणालींसाठी संपूर्ण जुन्या यंत्राचे अनुकरण करणारा कार्यक्रम मंद असूनही अधिक विश्वासार्ह ठरतो. केवळ एमएस-डॉसचे कार्यक्रम चालवावयाचे असल्यास डॉसबॉक्ससारखा अनुकारक पुरेसा होतो. विंडोज ९८ चे साहाय्य २००६ मध्ये आणि विंडोज एक्सपीचे २०१४ मध्ये संपले असल्याने या प्रणाली बाहेरच्या जाळ्याशी न जोडता चालविणे सुरक्षित असते. त्यामुळे संदेशवहनाशी निगडित मंदगतीचा प्रश्नही आपोआप मिटतो.

जुन्या प्रणालीला आपण आभासी यंत्रात आहोत हे कळत नाही आणि तिच्यात बदल करणारेही सहसा उरलेले नसतात. त्यामुळे जुळवून घेण्याचे काम भोवतालच्या यंत्राकडेच येते. तिच्या काळच्या यंत्राशी मिळतीजुळती, थोडकी व साधी उपकरणे तिला दिली, तर बहुतेक प्रणाली मूळ यंत्राहून वेगाने चालतात आणि त्यांच्या आधारे जपलेले कार्यक्रम व मजकूर वापरात राहतात.